लोखंडाची खीर

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माझ्या तोंडाला लोखंडाची चव येते. घरच्या डॉक्टरांना विचारून झालं, दातांच्या डॉक्टरांना विचारून झालं. दोघांनीही आ करायला लावलं, आत बॅटरी मारली आणि काही नाही म्हणून सांगितलं. तोंडात काही नाहीच आहे. चव दिंडोरी रोडवर आहे. म्हसरूळ मागे पडलं की दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा दिसायला लागतात, पानं गेलेल्या, नुसत्या काड्या राहिलेल्या, न्हाव्याच्या खुर्चीतून नुकत्याच उठलेल्या पोरांसारख्या. काच खाली केली की औषधांचा उग्र वास आत येतो, आणि कुणीतरी मला गंजक्या बादलीची कडी चाटायला दिली आहे असं वाटायला लागतं. शेजारी माझी मुलगी कानात गाणी घालून बसलेली असते. तिला ही गोष्ट पाठ आहे आणि ती पुन्हा ऐकायची तिची अजिबात तयारी नसते, कारण या गोष्टीत तिच्या शीला फार मोठं काम आहे.

गोष्ट तिच्या जन्माच्या हंगामाची. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते, आणि दिंडोरीच्या आमच्या मळ्यावरचा फोन वारा सुटला तरी बंद पडायचा. माझं सासर नाशकात, द्वारका चौकाजवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यानंतर मी दिंडोरीला येऊन पडले. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, बागेचं आणि माझं वेळापत्रक एकत्र बसवलं होतं. दसऱ्याच्या सुमारास छाटणी, मग काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट, मग फुटवे, मग फुटव्यांची विरळणी, आणि ती उरकली की आमची सुमन मोकळी होणार. नानांचं म्हणणं असं, की गर्भारपण आणि द्राक्षबाग या दोन्ही गोष्टी दिवसांच्या हिशेबानं चालतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

बाळानं ते वेळापत्रक पाहिलं नसावं. पाच आठवडे आधी, बागेत तीस माणसं कात्र्या घेऊन उभी असताना, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. जीपमध्ये मी, आई आणि दोन गोधड्या. नाना गाडी चालवत होते आणि दर वळणावर मला विचारत होते, "सुमे, दम हाय ना अजून?" नाशकातल्या दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं त्यांना बाहेर बसवलं, तेव्हा त्यांच्या खिशात छाटणीची कात्री होती. नर्सनं ती काढून घेतली आणि परत देताना, असलं हत्यार बाळंतिणीच्या खोलीत कशाला आणलंत म्हणून दरडावलं. नाना म्हणाले, "बाई, घाईत खिशातच ऱ्हायली."

मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. कुणी लगेच पेढे मागितले नाहीत. नर्सनं आकडा सांगितला, आणि नाना तो मनात तोलत उभे राहिले. त्यांच्या डोक्यात वजनाला एकच माप होतं. परदेशी जाणारी द्राक्षं तेव्हा आमच्याकडून चार किलोच्या पेटीत भरून जायची. हिशेब करून ते म्हणाले, "म्हंजी अर्धी पेटीबी भरली नाय." नाव पुढे रीतसर बारशाला ठेवलं, पण तोवर सगळं गाव तिला पेटी म्हणायला लागलं होतं. आज ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, आणि मळ्यावर गेली की चार म्हातारी माणसं अजूनही तिला "काय पेटी, कसं काय?" म्हणून विचारतात. तिच्या मैत्रिणींना हे कळू नये यासाठी ती काहीही करायला तयार असते.

बारा दिवसांनी आम्ही मळ्यावर आलो. मधल्या खोलीत मी, पेटी आणि शेगडी. खिडकीतून बाग दिसायची. काड्यांच्या डोळ्यांतून कोंब बाहेर यायला लागले होते, पोपटी, लवदार. माणसं हरसूलकडून कामाला यायची आणि हंगामभर मळ्याच्या कडेला राहायची. त्यातल्या सोनाबाई पहिल्याच दिवशी बाळ बघायला दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "लय बारीक हाय. पण रडती जोरात. जगंल." आईला ते जगंल आवडलं नाही. मला मात्र तेवढ्या एका शब्दानं फार बरं वाटलं, कारण बाकीचे सगळे तो शब्द टाळूनच बोलत होते.

दर रविवारी पेटीचं वजन व्हायचं. द्राक्षं तोलायचा काटा ओसरीवर आणायचा, त्यावर क्रेट, क्रेटमध्ये धुतलेली दुलई, दुलईत पेटी. माझा नवरा अंबडच्या कंपनीत होता, तो रविवारी स्कूटरवरून यायचा. काटा वाचायचा मान जावयाचा. तो वाकून आकडा सांगायचा, नाना क्रेटचं आणि दुलईचं वजन वजा करायचे, आणि आई देवाजवळ साखर ठेवायची. एकदा पेटीनं काट्यावरच दुलई भिजवली, तेव्हा ते वजन धरायचं की सोडायचं यावर सासरा-जावयाचा बराच वेळ वाद चालला.

मी खोलीत पडून ते सगळं ऐकायची आणि आकडा यायच्या आधी कानांवर गोधडी ओढून घ्यायची. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळायच्या, रक्तवाढीच्या. त्यांच्या वासानंच मला मळमळायचं. आठ-दहा दिवस घेतल्या असतील. मग रोज सकाळी सासूबाईंची पाठ वळली की मी गोळी गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत बोटानं दाबून टाकायची. त्या वर्षी मोगरा असा फुलला की सासूबाई शेजारणींना फुलं वाटत होत्या. आणि आता ही इथं, सुतळीसारख्या हातांची, दूध ओढता ओढता दमून झोपणारी. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "पोटुशी असताना काय खात होतीस गं?" मी म्हणायची, सगळं खात होते. माझ्या वाटणीचं लोखंड मोगऱ्यानं खाल्लं आणि पोर उपाशी राहिली, असंच मला वाटत होतं. वाटत कसलं, खात्रीच होती.

दीड महिन्यानं नाशकात तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी पेटीला उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, वजन वाढतंय, छान. पण अशा कमी वजनाच्या बाळांना लोह कमी पडतं. आता रोज थेंब द्यायचे.

"लोखंड व्हय?" आई म्हणाली. "ते तं पहिल्या दिवसापास्नं ठेवलंय."

"कुठे?"

"उशाखाली. अडकित्ता."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात हे त्यांनाही माहीत असणार. त्या म्हणाल्या, "तो राहू द्या. पण थोडं पोटातही जाऊ द्या." मग माझ्याकडे वळून त्यांनी ड्रॉपरवरची खूण दाखवली. इथपर्यंत, रोज, न चुकता. शी काळसर होईल, घाबरायचं नाही. महिन्यानं परत या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉपर तिच्या ओठांशी नेला. औषध घशात गेलं की नाकात कोण जाणे, पेटीला ठसका लागला, तोंड लाल झालं, मग जांभळं झालं, आणि मी तिला छातीशी धरून किंचाळले. नाना बागेतून धावत आले. तोवर पेटी पूर्ववत होऊन जांभई देत होती. नानांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली, उजेडात धरली, उलटी केली, ड्रॉपरची खूण नखानं तपासली. "माप माझं काम हाय," ते म्हणाले. "उद्यापास्नं मी देतो. तू नुसती खा आन झोप."

मला हायसं वाटलं. नानांच्या मापावर कुणाचा विश्वास बसणार नाही? बागेत केवडा किंवा भुरीचा रोग आला, पानं पिवळी पडली, कशाला काय मारायचं आणि लिटरला किती, हे विचारायला पंचक्रोशीतली माणसं आमच्याकडे यायची. बाटली कुठे ठेवायची यावर थोडा तंटा झाला. नाना ती आपल्या औषधांच्या खोलीत नेत होते. विषाच्या डब्यांत लेकराचं औषध ठेवता, असं म्हणून आईनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की बाटली शेवटी देव्हाऱ्यात गणपतीशेजारी गेली.

आणि मग नानांमध्ये फरक पडला. ज्या माणसानं जन्मात स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या स्वतः आणला नव्हता, तो रोज सकाळी माझ्यासाठी अळिवाच्या खिरीची वाटी घेऊन यायला लागला. आधी पेटीला कोवळ्या उन्हात घेऊन जायचे, मांडीवर घेऊन तिच्याशी बागेविषयी बोलायचे, मग तिला आणून माझ्याजवळ ठेवायचे, "दिलं औषिद" म्हणायचे, आणि मग ती वाटी. मी वाटी संपवेपर्यंत समोर उभे. आईला गहिवरून आलं. "नातीनं माणूस बदलला गं," ती म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. फक्त खीर फार वाईट लागायची.

किती वाईट, ते सांगता येत नाही. गूळ, नारळ, वेलदोडा सगळं असायचं, पण मागून एक चव यायची, नळाला तोंड लावून पाणी प्यावं तशी. दोन दिवस तशीच संपवली. तिसऱ्या दिवशी आईला म्हटलं, "खिरीला गंजल्यासारखा वास येतो."

आई लुगड्याचा पदर खोचून उभी राहिली. "तुझ्या सासरी काय चांदीची खीर करत्यात का? चाळीस बाळंतपणं केली मी या गावात, कुणी नाव ठेवलं नाय." त्यानंतर मी मूग गिळून खीर गिळायला लागले. आईनं मनावर घेऊन कढई बदलली, मग अळीव बदलले, मग गूळ बदलला. चव काही बदलली नाही.

आठवडाभरानं आणखी एक भानगड सुरू झाली, जी मी कुणाला सांगू शकत नव्हते. सकाळी परसाकडे जाऊन आले आणि दरदरून घाम फुटला. काळं. डांबरासारखं. दुसऱ्या दिवशीही तेच. आतल्या आत रक्त जात असणार, असं मी ठरवून टाकलं. गोळ्यांचं पाप उलटलं. खोलीत पडल्या पडल्या मी मनातल्या मनात सगळी निरवानिरव केली. पेटी आईकडे राहील. नवरा दुसरं लग्न करील, त्याला इलाज नाही. माझी जांभळी पैठणी मात्र नणंदेला मिळता कामा नये. हे सगळं योजताना मला इतकं रडू यायचं की आई म्हणायची, ओल्या बाळंतिणीचं मन असंच असतं, आणि वर आणखी एक चमचा तूप घालायची. गंमत म्हणजे मरणाच्या दारात असूनही मला दिवसेंदिवस बरं वाटत होतं. ओसरीच्या पायऱ्या चढताना धाप लागायची ती थांबली, भूक सणकून लागायची. दिवा विझताना मोठा होतो म्हणतात, त्यातलं काही असावं, असं मी समजले.

बाहेर बाग मात्र जोरात होती. मणी ज्वारीएवढे झाले, मग हरभऱ्याएवढे. सोनाबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बाया घडांतले जादा मणी कात्रीनं काढत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकायच्या, आणि त्यांची गाणी भिंतीपलीकडून ऐकू यायची. थंडी अशी पडली होती की पहाटे बागांच्या कडेनं शेकोट्या पेटायच्या. धुराचा वास गोधडीत शिरायचा. पेटी त्या वासात झोपायची, आणि झोपेत तिचा चेहरा मेणासारखा दिसायचा. वजन वाढत होतं, पण रंग येत नव्हता. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली गोरी आहे, बापावर गेली आहे. बाप चांगला सावळा आहे.

महिन्यानं पुन्हा मॅडमकडे. द्वारकेच्या चौकात ट्रक आडवा झाला होता, तिथे पाऊण तास गेला. नाना स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मी मागे पेटीला घेऊन बसले होते आणि आज मॅडमना माझं दुखणं सांगायचंच, असं ठरवून दातओठ खात होते.

मॅडमनी पेटीची खालची पापणी अलगद ओढली आणि त्यांचा चेहरा बदलला. "पांढरी दिसतेय," त्या म्हणाल्या. टाचेतून रक्ताचा थेंब काढायला लावला. पेटी रडली, मीही. मग त्यांनी विचारलं, "थेंब रोज जातात?"

"एक दिस चुकला नाय," आई अभिमानानं म्हणाली. "कालच पाचवी बाटली फोडली."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "पाचवी? एक बाटली महिनाभर पुरते. काय दिलंत तुम्ही या बाळाला?" त्यांनी पेटीला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "उलट्या होतात? गुंगीत असते? शीचा रंग काय?"

"पिवळीधमक," आई म्हणाली. "हळद."

मॅडम थांबल्या. पाच बाटल्या लोखंड आणि हळदीसारखी शी, यांचा मेळ त्यांना बसेना. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "काळी मला होते, मॅडम. तीन आठवडे झाले. मी वाचेन ना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. मग सगळ्यात शेवटी नानांकडे. नाना भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे अशा एकाग्रतेनं बघत होते की त्यांची आजवरची सगळी इंजेक्शनं राहून गेली असावीत.

"नाना," मॅडम म्हणाल्या, "औषध कुणाला दिलंत?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली. "घडाला कुणी खत घालतं का मॅडम? खत वेलीला घालायचं. वेल खाती, घड भरतो. पोर दूध पिती, दूध हिचं. म्हणून हिला दिलं. खिरीतनं."

"आणि माप?"

"पोर अडीच किलोची, ही बावन्न किलोची. त्या हिशेबानं लय झालं असतं. भ्यालो. चमचाभरच दिलं."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजी माझी कढई चांगली व्हती," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं तो दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल होता. "आग रामेश्वरी आन बंब सोमेश्वरी! पोरीचं लोखंड पोरीच्या आईला!"

मॅडम हसल्या नाहीत. त्या पुन्हा बसल्या आणि नानांशी त्या दिवशी जेवढं बोलल्या तेवढं एरवी वर्षात कुणाशी बोलत नसतील. मूल पोटात असताना शेवटच्या दोन महिन्यांत लोहाची बेगमी करून घेतं. ही लवकर निघाली, बेगमी न करता. आईच्या दुधातून बाकी पुष्कळ काही जातं, पण लोह आईनं किती खाल्लं तरी दुधात फारसं वाढत नाही. ते बाळाच्या तोंडातच जायला हवं. रक्त बरंच उतरलं आहे. असंच आणखी चाललं तर रक्त चढवायची वेळ येईल.

नानांनी तपासणीच्या छोट्या स्टुलावर बसून टोपीची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "म्हंजी चुनखडीची जमीन."

"काय?"

"आमच्या वरच्या तुकड्यात चुनखडी हाय, मॅडम. तिथं पानं पिवळी पडली तं मुळाशी कितीबी फेरस, म्हंजी लोखंडाचं खत, घाला, वेलीला लागतच नाय. जमीनच धरून ठेवती. तिथं पानावरच मारावं लागतं, थेट." त्यांनी मान हलवली. "मला कळाया पायजे व्हतं. हिलाबी वरूनच मारावं लागंल."

"मारायचं नाही, नाना. पाजायचं."

"व्हय. पाजायचं."

पंचक्रोशीला सल्ले देणारा माझा बाप त्या छोट्या स्टुलावर असा अंग चोरून बसला होता की मला बघवेना. मी म्हणाले, "मॅडम, चूक त्यांची नाही. माझी आहे." आणि मोगऱ्याची गोष्ट सांगून टाकली. कुंडीसकट, फुलांसकट. आईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "गोळ्या टाकल्यास, ते वाईटच केलंस," त्या म्हणाल्या. "पण मूल लवकर का आलं, हे पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. तेवढं एकच कारण धरून बसू नकोस. आता ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला लावायचा, थेंब थेंब सोडायचा, म्हणजे ठसका लागत नाही. बस."

परतताना, म्हसरूळच्या पुढे, नानांनी जीप बाजूला घेतली. समोर बघतच म्हणाले, "सुमे, घडाचं आन वेलीचं मी मॅडमला सांगितलं, ते खरंच वाटलं व्हतं मला. पण पहिल्या दिवशी ड्रॉपर घेतला व्हता मी. तिच्या तोंडाशी नेला. एवढुसं तोंड. मागं एका वरसाला माझं माप चुकलं आन आख्खा प्लॉट जळाला व्हता, तुला आठवत नसंल. हात पुढं गेलाच नाय. मंग डोक्यात वेल आली." सगळ्या गावाच्या बागा ज्याच्या हातावर चालायच्या, तो हात माझ्या पोरीच्या तोंडाशी जाऊन अडला होता. मी म्हटलं, "उद्या दोघं मिळून देऊ."

दोघं मिळून दिलं. नानांनी हात साबणानं दोनदा धुतले, मग लिंबानं चोळले, तरी गंधकाचा वास जाईना म्हणून आईनं त्यांना तिसऱ्यांदा पिटाळलं. मी पेटीला धरलं, नानांनी गालाच्या आत ड्रॉपर लावला आणि श्वास रोखून थेंब सोडला. पेटीनं चव घेतली, विचार केला, आणि सगळं नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फुर्रकन उडवलं. दुसऱ्यांदा दिलं ते मात्र गिळलं. त्या हंगामात नानांच्या सगळ्या सदऱ्यांवर तांबूस डाग पडले. ते धुऊन निघत नाहीत. नाना ते सदरे घालून बाजार समितीत जायचे, आणि कुणी विचारलं तर सविस्तर सांगायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं लंगोट उघडला आणि हाक मारली. काळी. नाना बागेत फवारणीवर होते, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. तसेच आले. फडकं खाली केलं, लंगोट उन्हात नेला, चष्मा कपाळावर ढकलून रोगट पान तपासावं तसा निरखला आणि म्हणाले, "लागू पडलं." मग बांधावर उभे राहून त्यांनी सोनाबाईंना ओरडून सांगितलं. तीस माणसांनी काम थांबवलं. एखाद्याच्या शीची एवढी आनंदवार्ता दिंडोरी तालुक्यात दुसरी झाली नसेल. पेटीला आता हे वाक्य ऐकवलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

फेब्रुवारीत खुडणी सुरू झाली. मळ्यावर ट्रक लागले, पेट्यांचे ढीग लागले, सगळीकडे द्राक्षांचा आंबटगोड वास आणि मधमाश्या. आणि एवढ्या घाईत, ट्रक दारात उभा ठेवून, नानांनी आम्हाला मॅडमकडे आणलं. पेटी तोवर चार किलोच्या वर गेली होती. नवऱ्यानं काटा वाचला तेव्हा पेटी भरली म्हणून नानांनी सगळ्या मजुरांना जिलबी वाटली होती.

मॅडमनी पेटीची पापणी खाली ओढली. आम्ही तिघंही पुढे वाकलो. "लाल आहे," त्या म्हणाल्या. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाला हात जोडले. मी पेटीला दुपट्यात गुंडाळलं, पिशवी उचलली, दाराशी गेले. नाना उठले नव्हते.

"मॅडम," ते म्हणाले, "आता हिचं बी बघा."

"कुणाचं?"

"हिचं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गेल्या खेपेला गोळ्यांचं बोलली ती. तवापास्नं माझ्या डोक्यात हाय. चार महिने झाले, सगळे बाळाकडंच बघतोय. हीबी माझी पोरच हाय की."

चार महिने मी बाळाची आई होते. दवाखान्यातल्या कागदांवर, नर्सच्या तोंडी, सासरच्या फोनवर, सगळीकडे बाळाची आई. माझी मीसुद्धा तेवढीच उरले होते. आईनं पेटीला माझ्या हातातून घेतलं आणि मी जाऊन त्या छोट्या स्टुलावर बसले. मॅडम जवळ आल्या, गार बोटांनी माझी पापणी खाली ओढली. नाना शेजारी येऊन वाकले, चष्मा कपाळावर ढकलला. मला लग्न होऊन गेल्यापासून त्यांनी एवढ्या जवळून बघितलं नव्हतं.

"लाल हाय का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या, आणि मग मला, "रडू नकोस गं. मला रंग दिसत नाही."